लेसर करू का नको? सात नंबरवालीचा हिशेब

माझा नंबर मायनस सात आहे. खरं तर उजवा सात आणि डावा पावणेसात, वर थोडा सिलिंडर (तिरक्या वक्रतेचा नंबर), पण घरात सगळे सातच धरून चालतात. चौथीत फळ्यावरचं दिसेना म्हणून बाईंनी आईला बोलावून घेतलं, तिथून जो चष्मा लागला तो दरवर्षी थोडाथोडा जाड होत गेला आणि पंचविशीच्या आसपास कुठे थांबला. आता मी एकोणचाळीसची आहे, पुण्यात राहते, मुद्रितशोधनाची कामं घेते, म्हणजे दिवसभर डोळ्यांचीच मजुरी. चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर करायचं की नाही हा प्रश्न माझ्या आयुष्यात दोनदा आला आणि दोन्ही वेळी तो वेगळाच प्रश्न होता.

पहिल्यांदा आला तो लग्नाच्या वेळी, आणि तेव्हा तो माझा नव्हताच. बायोडेटाला चष्म्याशिवायचा फोटो लावायचा, बघायला कोणी येणार असेल तर लेन्स घालायची, असं सगळं चालू होतं आणि एका रविवारी आत्याने सरळ सांगून टाकलं की एवढा खर्च करताय तर त्यातच हिचे डोळे पण करून घ्या, मुलाकडच्यांना जाड भिंगाची मुलगी नको असते. डोळे करून घ्या म्हणे, कार्याच्या आधी घराला रंग काढतात तसं. मी नाही म्हटलं. त्यात अभ्यास वगैरे काही नव्हता, निव्वळ राग होता. ज्याच्याशी लग्न झालं त्याला स्वतःलाच पाच नंबर आहे, त्यामुळे आमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या दोन माणसं उशीपाशी चाचपडत असतात. पण माझ्या ओळखीत अशा बऱ्याच जणी आहेत ज्यांचं लेसर लग्नाच्या यादीतच होतं, हॉल, केटरर, पार्लर, लेसर, आणि त्यातल्या एकीलाही कोणी विचारलं नव्हतं की बाई तुला चष्म्याचा त्रास होतो का.

दुसऱ्यांदा आला तो मागच्या वर्षी आणि या वेळी तो माझाच होता. इतकी वर्षं बाहेर जाताना लेन्स वापरत आले, पण हल्ली संध्याकाळपर्यंत डोळे लाल, आत वाळू गेल्यासारखं, स्क्रीनवर दोन तास बसलं की लेन्स डोळ्यात आहे हे सतत जाणवायला लागलं. त्यात धाकट्या भावाने ठाण्यात स्माईल, म्हणजे नंबर घालवायच्या लेसरचाच एक नवा प्रकार, करून घेतलं. त्याचा नंबर साडेचार, वय एकतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅलरीतून खाली लावलेल्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवतानाचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली मला टॅग करून, ताई तू अजून कशाची वाट बघतेयस. आई लगेच, हो गं, विचार कर. आत्याने अंगठा दिला. आत्याचा अंगठा बघून खरं तर परत नाही म्हणावंसं वाटलं होतं.

भावाला खोदून खोदून विचारलं. त्याचं म्हणणं, भूल फक्त थेंबांची, डोळ्याची उघडझाप होऊ नये म्हणून क्लिप लावतात, मग मशीन डोळ्याला घट्ट धरतं तेव्हा दाब जाणवतो आणि समोरचा हिरवा लाईट धूसर होतो, लेसर चालतो तो जेमतेम अर्धा मिनिट, नंतर डॉक्टर बारीक चिरेतून आतला तुकडा काढून घेतात. दुखलं नाही, पण त्या अर्ध्या मिनिटात डोळा हलला तर काय या भीतीने हात गार पडले होते म्हणाला. त्याच्या ऑफिसातल्या एकाने जुन्या पद्धतीचं लॅसिक (वरचा पापुद्रा उचलून करतात ते लेसर) केलेलं, त्याला केस जळल्यासारखा वास आला होता, तसा याला आला नाही. पुढचे दोन-तीन आठवडे रात्री एक्सप्रेसवेवर समोरच्या हेडलाईटभोवती कडी दिसायची, ती हळूहळू गेली. कोरडेपणाच्या थेंबांची बाटली मात्र अजून खिशात असते, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, व्हिडिओत नव्हतं.

मग मी एका मोठ्या आय सेंटरची अपॉइंटमेंट घेतली. नाव लिहीत नाही, आणि त्याने फारसा फरकही पडत नाही, कारण नंतर चौघींशी बोलले तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणचा अनुभव साधारण असाच निघाला. फोनवरच सांगितलं की तपासणीआधी दोन आठवडे लेन्स घालायची नाही. लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, आकार थोडा दबलेला असतो आणि त्यावर मापं घेतली तर ती चुकीची येतात, हार्ड लेन्सवाल्यांना तर याहून जास्त दिवस थांबावं लागतं. ही एक गोष्ट चांगली केली. कोणी लेन्स घालून या आणि आजच सगळं बघून टाकू म्हणालं तर तिथून निघा, इतकं मी नक्की म्हणेन.

तपासणीला अख्खी सकाळ गेली. पहिलं ते रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो ते मशीन, मग डोळ्यात फुस्सकन हवा मारून प्रेशर बघतात ते, त्याला मी इतक्या वर्षांनंतरही दचकते. मग पेंटाकॅम. हनुवटी टेकवायची, डोळा मोठा उघडून निळ्या लाईटकडे बघायचं, कॅमेरा गोल फिरतो आणि दोन सेकंदात कॉर्नियाचा नकाशा, पुढून कसा, मागून कसा, कुठे किती जाड, सगळं हिरव्या-पिवळ्या रंगात कागदावर. मग खालच्या पापणीत ब्लॉटिंग पेपरसारख्या दोन पट्ट्या अडकवल्या आणि पाच मिनिटं बसवून ठेवलं. याला शर्मर टेस्ट म्हणतात, पट्टी किती मिलिमीटर भिजते त्यावरून डोळ्यात पाणी किती बनतं ते कळतं. दहाच्या वर हवं असतं. माझं उजवं ८, डावं ६. ती पोरगी म्हणाली, मॅडम थोडी ड्रायनेस आहे, थेंब देतील. नंतर बाहुली मोठी करायचे थेंब घालून अंधाऱ्या खोलीत बसवलं, दर थोड्या वेळाने परत थेंब, आणि शेवटी एका ज्युनिअर डॉक्टरने डोक्याला लाईट लावून वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा करत डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासला. डाव्या डोळ्यावर बराच वेळ थांबला. मग सीनिअरला बोलावलं. मग दोघांनी मिळून बघितलं आणि पडद्याच्या कडेला थोडा वीकनेस आहे असं काहीतरी लिहिलं.

आणि मग, मला जवळचं काही म्हणजे काही दिसत नसताना, काऊन्सेलरच्या केबिनमध्ये पाठवलं. टेबलावर लॅमिनेट केलेला तक्ता. साधं ब्लेडवालं लॅसिक, फेम्टो (यात पापुद्राही लेसरनेच कापतात), कॉन्टुरा (डोळ्याच्या नकाशाप्रमाणे लेसर चालवतात ते), स्माईल, खालून वर किमती चढत गेलेल्या, दोन्ही डोळ्यांचे मिळून पस्तीस हजारांपासून सव्वा लाखापर्यंत. बाईंचं बोलणं गोड होतं आणि त्यात मोबाईलच्या दुकानातल्यासारखी अपग्रेडची भाषा होती (साधं पण चालेल मॅडम, पण डोळे आहेत ना). आज बुकिंग केलं तर दहा टक्के कमी, ईएमआय आहे, पडद्याचं छोटं लेसर आधी करावं लागेल ते यातच बसवून देऊ. सर्जनशी भेट झाली ती यानंतर, पाचेक मिनिटं. सज्जन वाटले, घाईत होते. म्हणाले कॉर्निया थोडा पातळ आहे पण चालण्यासारखा आहे, असे केसेस आम्ही करतो, स्माईल घ्या. मी रिपोर्टच्या प्रिंट मागितल्या. फाईल इथेच राहते असं आधी सांगितलं, परत मागितल्यावर दिल्या. तुमचे रिपोर्ट आहेत, पैसे तुम्ही भरलेत, घेऊन या.

इन्शुरन्सचं पण इथेच सांगून टाकते कारण सगळे विचारतात. आपल्याकडच्या हेल्थ पॉलिसींमध्ये एक ठरलेलं कलम असतं, ७.५ पेक्षा कमी नंबर घालवण्याच्या उपचाराचा खर्च मिळत नाही. माझा सात. म्हणजे इतकी वर्षं ज्या नंबरच्या नावाने शिव्या घातल्या तो अर्ध्याने कमी पडला. नवरा दोन दिवस हसत होता.

घरी येऊन, डोळे ताळ्यावर आल्यावर, मी त्या प्रिंट घेऊन बसले. मला आकडे बघायला आवडतात असं नाही, पण चालण्यासारखा म्हणजे किती ते मला हवं होतं. तर हिशेब असा असतो. कॉर्नियाची जाडी मध्यावर साधारण ५४० मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. माझी उजवी ५०१, डावी ४९८. फेम्टो लॅसिकमध्ये आधी वरचा एक पातळ पापुद्रा कापून बाजूला करतात, तो साधारण ११० मायक्रॉनचा. मग खालच्या भागातून लेसर एकेका नंबरमागे ढोबळमानाने १५ मायक्रॉन उडवतो, मशीनप्रमाणे थोडं इकडेतिकडे. सात नंबर म्हणजे १०५. पापुद्रा परत बसवतात पण तो आधीसारखा एकजीव होत नाही, त्यामुळे ताकदीच्या हिशेबात धरत नाहीत. ५०१ मधून ११० आणि १०५ गेले, उरले २८६. पूर्वी २५० उरले तरी चालेल म्हणायचे, आता बरेच सर्जन ३०० च्या आसपास राहावेत असं बघतात. आणि दुसरं माप, एकूण जाडीपैकी किती टक्के तुम्ही हात लावला, ते ४० च्या वर गेलं की धोका वाढतो असं धरतात. माझं ४३ येत होतं.

धोका कसला, तर एक्टेशियाचा. पातळ झालेला कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगत जातो, कधी वर्षभराने, कधी बऱ्याच वर्षांनी, आणि मग नंबर परत येतो तो सुद्धा असा वेडावाकडा की साध्या चष्म्याने जात नाही. मग कॉर्निया कडक करायला क्रॉसलिंकिंग करा, ज्याला इथे सगळे सीथ्रीआर म्हणतात, नाहीतर स्पेशल लेन्स. फार क्वचित होतं हे, खरंय. आणि ज्यांना मुळातच केराटोकोनसची (कॉर्निया आपोआप पातळ होऊन पुढे येण्याच्या आजाराची) सुरुवात असते त्यांच्यात जास्त होतं, म्हणून तो पेंटाकॅम इतका महत्त्वाचा. डोळे चोळायची सवय असलेल्यांनी तर डॉक्टरला हे आपणहून सांगावं, कोणी विचारायची वाट बघू नये. स्माईलमध्ये पापुद्रा नसतो, फक्त बारीक चीर, त्यामुळे कॉर्नियाचा वरचा भाग बराचसा शाबूत राहतो असा त्याच्या बाजूचा मुद्दा आहे, पण आतून काढायचा तुकडा काही कमी होत नाही. डॉक्टर चालण्यासारखा म्हणाले ते खोटं नव्हतं. काठावर होतं एवढंच, आणि काठावर आहे हा शब्द तिथे कोणी वापरला नाही.

त्या रात्री बरंच वाचत बसले. एक मजेशीर गोष्ट सापडली ती अशी की हा लेसर कॉर्नियाला जाळत नाही, १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश रेणूंमधले बंध तोडून थर उडवतो आणि बाजूच्या भागाला उष्णता लागत नाही, आणि हे ज्यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं त्यातले रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळ मद्रासचे. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमला होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणात उरलेली टर्की त्यांनी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेली आणि तिच्यावर लेसर मारून बघितला. आदल्या रात्रीच्या उरलेल्यातून आपल्याकडे फोडणीची पोळी होते, यांनी काय केलं बघा.

दुसरं वाचलं ते अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) केलेल्या प्रोल नावाच्या अभ्यासाबद्दल, २०१७ मध्ये छापून आलेला. लॅसिक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते. त्याच अभ्यासात, आधी दिसण्याची काही तक्रार नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी कडी, चमक, दुहेरी प्रतिमा असलं काहीतरी नव्याने दिसत होतं, आणि ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते त्यांच्यातल्या २८ टक्क्यांच्या आसपास लोकांना कोरडेपणा सुरू झाला होता. रोजच्या कामात फार अडचण येण्याइतका त्रास असलेले एका टक्क्याहून कमी. म्हणजे थोडा त्रास आणि समाधान दोन्ही एकाच माणसात राहू शकतं, माझा भाऊ त्याचं चालतंबोलतं उदाहरण. पण मी या आकड्यात कुठे बसते हे बघायला गेले तर माझे डोळे आधीच कोरडे. पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, डोळा कोरडा पडलाय हा निरोपच मेंदूकडे नीट जात नाही, नसा परत यायला महिने लागतात. स्माईलमध्ये कमी कापल्या जातात. कमी, शून्य नाही.

दरम्यान पडद्याचं राहिलंच होतं. वीकनेस हा शब्द मला आवडला नाही, म्हणून मी ते पॅकेजमध्ये न बसवता वेगळ्या रेटिना स्पेशालिस्टकडे गेले. त्यांनी नीट समजावलं. डोळ्याचा नंबर मायनस असतो म्हणजे बहुतेक वेळा डोळा पुढून मागे लांब असतो, सात नंबरचा डोळा साधारण २६ मिलिमीटर, साधा २४ च्या आत. लांब डोळ्यात पडदा ताणला जातो, कडेला विरतो, त्याला लॅटिस म्हणतात. माझ्या डाव्या डोळ्यात लॅटिस होतंच आणि त्यात दोन बारीक भोकं. तशा भोकातून पाणी मागे शिरलं तर पडदा सुटू शकतो. म्हणाले, लॅसिकने पुढची काच घासली म्हणजे तुमचा डोळा आखूड होत नाही, चष्मा गेला तरी पडद्याच्या दृष्टीने तुम्ही आयुष्यभर सात नंबरवाल्याच. हे वाक्य मी तिथल्या तिथे मोबाईलवर लिहून घेतलं. माझ्या ओळखीत लेसर केलेले जे आहेत, त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. भाऊ तर नंबर गेला म्हणजे डोळे बरे झाले असंच समजत होता.

तर अशा रीतीने लेसर झालंच, पण पडद्यावर. बॅरेज म्हणतात त्याला. डोळ्यावर जेल लावून एक जाड भिंग टेकवतात आणि भोकांच्या भोवती हिरव्या लेसरचे ठिपके मारत जातात, म्हणजे तिथे पडदा मागच्या थराला चिकटून बसतो. बहुतेक ठिपके नुसतेच चमकतात, पण एखादा नसेवर बसला की डोक्यात खोल कुठेतरी ठणका उठतो. दहा मिनिटांत झालं, नंतर थोडा वेळ सगळं जांभळं दिसत होतं. खर्च त्या लॅमिनेटवाल्या तक्त्याच्या मानाने किरकोळ. आणि बजावून सांगितलं की अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी यायचं, सोमवारपर्यंत थांबायचं नाही. जास्त नंबरवाल्यांनी हे पाठ करून ठेवा, लेसर करा न करा.

पण माझा निर्णय ज्याने झाला ते कॉर्नियाही नव्हतं आणि पडदाही नव्हता. नाशिकला आमचे जुने डोळ्यांचे डॉक्टर आहेत, चौथीतला चष्मा त्यांनीच दिलेला. आता प्रॅक्टिस मुलगा बघतो, हे सकाळी दोन तास बसतात. आईकडे गेले होते तेव्हा सगळ्या प्रिंट घेऊन गेले. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, काम काय करतेस? सांगितलं, मुद्रितशोधन. वाचताना चष्मा लावतेस का काढतेस?

काढते. नेहमीच. कॉम्प्युटरला लावते, पण कागदावरचं शेवटचं प्रूफ असलं की चष्मा कपाळावर आणि कागद नाकाजवळ. उणे सातचा हाच एक फायदा आहे, साधारण पंधरा सेंटिमीटरवर मला बिनचष्म्याचं लख्ख दिसतं, भिंगातून बघितल्यासारखं मोठं. पुसट छापलेला अनुस्वार, तुटलेला रफार, दोन शब्दांमधली अर्धी जास्त जागा, हे मी असंच पकडते. डॉक्टर म्हणाले, ते जाणार. नंबर शून्य केला की तुझे डोळे चाळिशीच्या इतर कुठल्याही बाईसारखे होतील, आणि चाळिशीत जवळचं दिसेनासं होतं. लांबचा चष्मा जाईल, दोन-चार वर्षांत वाचायचा येईल. बावीसची असतीस तर वीस वर्षं बिनचष्म्याची मिळाली असती. आता तुला किती मिळणार, आणि बदल्यात काय देतेयस ते बघ. मग हळूच म्हणाले, लेन्स घालून प्रूफ वाचून बघ ना, लेसरनंतर जसं दिसेल तसंच साधारण दिसेल.

इतकी साधी टेस्ट. फुकट. ती मोठमोठ्या मशीनच्या कुठल्याच यादीत नव्हती. मी लेन्स बाहेर जातानाच घालायचे, कामाला कधी नाहीच, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. डोळे जरा शांत झाल्यावर रोज वापरून फेकायच्या लेन्स आणल्या, आणि दिवाळी अंकाची प्रूफं आली होती ती लेन्स घालून वाचायला घेतली. कागद आपोआप लांब गेला. हातभर. टेबललॅम्प जवळ ओढला तेव्हा कुठे बरं वाटलं. पंधरा सेंटिमीटरवर तर नुसता राखाडी डाग. तासाभराने कपाळ दुखायला लागलं, आणि एका पानात दोन वेलांट्या सुटल्या, ज्या मी एरवी झोपेत पण सोडत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. मोनोव्हिजन करतात, म्हणजे एक डोळा लांबचा आणि एक डोळा मुद्दाम थोडा जवळचा ठेवायचा, मेंदू आपलं आपण जुळवून घेतो म्हणे. तेही लेन्सवर करून बघितलं, डाव्या डोळ्याला सव्वा नंबर कमीची लेन्स. बऱ्याच लोकांना जमतं. मला जिना उतरताना पायरी कुठे आहे ते कळेना आणि स्कूटर चालवायची हिंमत झाली नाही. आठवडाभर थांबलं असतं तर कदाचित सवय झाली असती, डॉक्टर तसं म्हणाले होते, पण मला तेवढी हौस नव्हती.

आयसीएलचा पण विचार झाला. डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागे आणि आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक लेन्स बसवतात. कॉर्निया घासावा लागत नाही, कोरडेपणा फारसा वाढत नाही, नको झाली तर काढता येते, माझ्यासारख्या पातळ कॉर्नियावाल्यांना कागदावर तरी तीच योग्य. पण ती खर्चिक, आणि डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया म्हटल्यावर प्रेशर, मोतीबिंदू, इन्फेक्शन या शक्यता थोड्या का होईना येतातच. आणि वाचायच्या चष्म्याचा प्रश्न तिथेही तसाच. नंबर दहा असता तर मी आयसीएलकडे वळले असते असं वाटतं. सातला नाही.

मी डॉक्टरांना शेवटचं म्हणून विचारलं की तुमची मुलगी असती तर. ते हसले, म्हणाले माझ्या मुलीचं मी केलंय, चोवीसाव्या वर्षी, तीन नंबर होता. आणि रिपोर्ट सगळे जपून ठेवायला लावलेत तिला, कारण पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली की लेसर झालेल्या डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढणं अवघड जातं, जुनी मापं असली तर सोपं होतं. ही गोष्ट भावाला कळवली, त्याने क्लिनिकला फोन करून फाईलचे फोटो मागवून घेतले, त्याच्या हातून मेडिकलचा कुठलाही कागद पहिल्यांदाच नीट ठेवला गेला असेल.

तर मी नाही करत आहे. आईला सांगितलं, तिला वाटलं मी घाबरले. थोडी घाबरले पण होते, ते कशाला लपवा, पण नुसत्या भीतीने नाही म्हटलेलं नाहीये. लेन्स आता फक्त लग्नकार्याला आणि पोहायला (गॉगलच्या आतून, पाण्यात नुसती लेन्स घालून उतरायचं नसतं), आणि चष्म्याला या वेळी पैसे घातले, १.७४ ची पातळ काच आणि लहान गोल फ्रेम, कारण फ्रेम जितकी लहान तितकी कडेची जाडी कमी. चश्मेवाल्यांकडे मोठ्या फ्रेमांचाच ढीग असतो, लहान मुद्दाम मागावी लागते. कोरडेपणासाठी थेंब दिवसातून तीनदा आणि पापण्यांना गरम शेक, त्याने खरंच फरक पडलाय.

आणि हे सगळं झाल्यावर थोरल्या बहिणीची मुलगी आली, मावशी तू एवढं वाचलंयस तर माझं बघ ना. तिला साडेतीन नंबर, वय तेवीस, दोन वर्षं हललेला नाही. ही सह्याद्रीत भटकते, पावसाळ्यात कड्यावर चष्मा धुक्याने भरतो आणि पुसायला कोरडं कापड अंगावर कुठेच नसतं, म्हणून तिला हवंय. लग्नासाठी नाही, हे मी आधी विचारून घेतलं. तिचा कॉर्निया ५४८. ११० आणि साडेतीन पंधरे ५३, मिळून १६३, टक्के तिशीच्या आत, खाली ३८५ शिल्लक. नकाशा स्वच्छ, शर्मर दोन्हीकडे वीसच्या वर, पडदा ठणठणीत. डोळे चोळत नाही, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू होत्या त्या बंद करून बरेच महिने झालेत, ते पण डॉक्टरला सांगायला लावलं कारण त्याने डोळे कोरडे पडतात. मी म्हटलं, कर. बहीण म्हणाली, अगं तू स्वतः नाही म्हणालीस आणि हिला कर काय सांगतेस. म्हटलं माझे आकडे वेगळे, हिचे वेगळे.

ट्रेकचा सीझन संपला की तिचं ठरलंय. तक्त्यातलं सगळ्यात वरचं घ्यायचं का यावर अजून घासाघीस चालू आहे, माझं मत फेम्टोत भागतंय, तिचं मत स्माईल, पैसे तिचे वडील देणार असल्यामुळे बहुतेक तिचंच चालेल.